हितसंबंधांची वही : गावातल्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

आज मारुतीच्या देवळात बसून कामाची आखणी केली. सरपंच, उपसरपंच आणि प्रत्येक सदस्याने तीन गोष्टी एका वहीत लिहायच्या: पंचायतीच्या कोणत्या कामात आपला किंवा घरच्यांचा पैसा गुंतला आहे, घरपट्टी-पाणीपट्टी किती थकली आहे, आणि सरकारी जागेवर आपला ताबा आहे का. ग्रामसभेसमोर सही करायची. वही कार्यालयातल्या टेबलावर राहील आणि कोणालाही उघडून बघता येईल.

या तिन्ही गोष्टी कायद्यात आधीपासून आहेत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ मध्ये सदस्याच्या अपात्रतेची कारणं दिली आहेत. पंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हिस्सा, मागणीचं बिल मिळाल्यावर तीन महिन्यांत कर न भरणं, सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण, ही त्यातलीच. पण अपात्रतेसाठी कोणीतरी तक्रार करावी लागते, जिल्हाधिकाऱ्यांपुढे सुनावणी चालते, मग विभागीय आयुक्तांकडे अपील. तोवर मुदत संपत येते. शिवाय तक्रार बहुतेक वेळा पडलेल्या पॅनलकडून येते, म्हणून गाव तिच्याकडे भांडण म्हणून बघतं आणि कागदात खरं काय आहे ते कोणी वाचत नाही. वही असली की प्रश्न पॅनलचा राहणार नाही, गावाचा होईल.

आम्ही चौघं आहोत. निवृत्त शिक्षक असलेले गुरुजी, बचत गटाच्या आक्का, स्टँडजवळ सेवा केंद्र चालवणारा मुलगा, आणि मी. माझं आयुष्य पतसंस्थेत हिशेब तपासण्यात गेलं, त्यामुळे कागदपत्रं माझ्याकडे.

सुरुवातीलाच आम्ही चौघांनी आपापल्या घरपट्टीच्या पावत्या एकमेकांना दाखवल्या. आक्कांनी आग्रह धरला म्हणून आणखी एक नियम लिहून घेतला: कोणाबद्दलही काही आढळलं तर आधी त्या माणसाला विचारायचं, मग ग्रामसभेत मांडायचं, आणि व्हॉट्सॲपवर कधीच टाकायचं नाही. मुलाला तो आवडला नाही. पण गावात एकदा उडालेली बदनामी कागद दाखवून परत येत नाही, हे आम्ही तिघांनी पाहिलेलं आहे.

२६ जानेवारी

ग्रामसभा झाली म्हणायची. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी आकडा लागतो. आमच्या गावात दोन हजारांवर मतदार, म्हणजे शंभर माणसं पुरतात. तेवढीही नव्हती. सभा तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा सुरू झाली, कारण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. विकास आराखड्यातली कामं पंचवीस-तीस माणसांनी हात वर करून मंजूर केली. हजेरीच्या वहीवरच्या बाकीच्या सह्या शिपाई उद्यापासून घरोघरी जाऊन घेणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

वहीचा अर्ज आम्ही लेखी दिला होता. तो ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून शेवटी घेतला आणि ‘पुढच्या सभेत बघू’ म्हणून सोडला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली आहे.

सभेच्या आधीची महिलांची सभा प्रोसिडिंग बुकात, म्हणजे इतिवृत्ताच्या वहीत आहे. प्रत्यक्षात ती झाली नाही. आक्का म्हणाल्या, “आपल्याला पहिलं काम हेच.” मलाही तसंच वाटतं. रिकाम्या सभेत वही मंजूर झाली असती तर तीही रिकामीच राहिली असती.

३ फेब्रुवारी

सेवा केंद्रात बसून ई-ग्रामस्वराज पोर्टल बघितलं. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, अर्जही लागत नाही. राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत आणि वर्ष निवडलं की पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून कोणाला किती दिले त्याची व्हाउचरं दिसतात. हा पैसा दोन भागांत येतो. ६० टक्के बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेपुरता बांधलेला. ४० टक्के अबंधित. गावातले जाणते लोकही ‘निधी आला, निधी गेला’ एवढंच बोलतात, कारण कुठल्या खात्यातून कशासाठी आला हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

वस्तीवरच्या बंदिस्त गटाराचं देयक बंधित निधीतून गेलं आहे, एकाच फर्मच्या नावाने, दोन हप्त्यांत. ही फर्म गावात कोणाला माहीत नाही.

पैसे जाताना सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (लोक अजून ग्रामसेवकच म्हणतात) या दोघांची डिजिटल सही लागते. ती डोंगलमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या एका छोट्या उपकरणात असते. आमच्या सरपंचताईंचं डोंगल त्यांचे मालक खिशात घेऊन फिरतात, हे मुलाने स्वतः पाहिलं आहे. ही नोंद मी मुद्दाम करून ठेवते, कारण पुढे सगळा विषय इथेच येणार.

१७ फेब्रुवारी

माहिती अधिकाराचे अर्ज दिले. नमुना ‘अ’, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. ‘भ्रष्टाचाराची माहिती द्या’ असं लिहिलं की उत्तर येत नाही, आणि ‘का केलं’ असं विचारलं तरी येत नाही. मागायचे ते कागद. म्हणून गटाराच्या कामाचं अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मंजुरी, मासिक सभेचा ठराव, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी, आणि जोडपावत्यांसह देयक, एवढं नावानिशी मागितलं. उत्तराला तीस दिवस. नक्कल पानाला दोन रुपये.

अर्ज चौघांनी वेगवेगळे दिले, मजकूर तोच. त्याला कारण आहे. तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींचा जानेवारी २०१० मध्ये भररस्त्यात खून झाला. जमिनीचे व्यवहार ते माहिती अधिकारातून बाहेर काढत होते. गुरुजींचं म्हणणं असं की एकाच माणसाच्या हातात कागद असला की त्या माणसावर नजर राहते. चौघांकडे असला की एकाला गप्प करून काही उपयोग होत नाही.

सासूबाईंना हे सांगितलेलं नव्हतं, पण संध्याकाळपर्यंत कळलंच. त्या एवढंच म्हणाल्या, “गावकीत सुनेनं पडू नये असं नाही म्हणत मी. पडलीस तर मध्येच उठून येऊ नकोस.”

२० मार्च

कागद काल मिळाले. मुदतीत मिळाले आणि सगळे मिळाले, हे लिहिलं पाहिजे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी नकला स्वतः शिक्के मारून दिल्या.

२४ मार्च

चार दिवस कागदच वाचते आहे. जे आढळलं ते क्रमाने लिहिते.

एमबीत गटाराची लांबी १८० मीटर लिहिली आहे. आम्ही टेप लावून मोजली ती १४१ मीटर भरली, आणि गटार ओढ्यापर्यंत न जाता मधल्या पडक्या वाड्यामागेच संपतं. पावसाळ्यात तिथे पाणी का साठतं आणि वस्तीवरची पोरं तापाने का फणफणतात, याचं उत्तर एमबीच्या एका ओळीत सापडलं. ३९ मीटर आकड्यात छोटं दिसतं. तिथे राहणाऱ्या सात-आठ घरांना ते उंबऱ्यापर्यंत येतं.

देयकावर फर्मचा जीएसटी क्रमांक आहे. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की मालकाचं नाव दिसतं, तेही कोणालाही बघता येतं. नाव निघालं ते एका सदस्याच्या थोरल्या मुलाचं. मासिक सभेच्या ठरावात त्या कामाचा सूचक तोच सदस्य आहे. खडी आणि वाळूच्या वाहतुकीच्या पावत्यांवर ज्या ट्रॅक्टरचा नंबर आहे, तो ट्रॅक्टर त्या सदस्याच्या स्वतःच्या नावावर.

आणि हा सदस्य सरपंचताईंच्या पॅनलचा नाही. तो विरोधी पॅनलचा आहे. चावडीवर बसून ‘बाईच्या राज्यात गाव लुटलं’ असं रोज म्हणणारा हाच.

नियमाप्रमाणे गुरुजी त्याला आधी भेटून आले. त्याचं म्हणणं लिहून घेतलं: मुलगा विभक्त राहतो, रेशनकार्ड वेगळं आहे, धंदा त्याचा त्याचा. ट्रॅक्टरबद्दल काही बोलला नाही.

६ एप्रिल

आजची बैठक अवघड झाली. विरोधी पॅनलचे तिघं घरी आले. सरपंचताईंवर अविश्वास आणायचा त्यांचा बेत आहे. ताई डिसेंबर २०२२ च्या निवडणुकीत थेट जनतेतून निवडून आल्या. थेट सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही, ती आता उलटली. सदस्यांच्या सह्यांची नोटीस तहसीलदारांकडे, विशेष सभेत तीन चतुर्थांश मतं, आणि त्यावर ग्रामसभेत गुप्त मतदानाने शिक्कामोर्तब, असा मार्ग. त्यांना आमचे कागद हवे होते. “तुम्ही नुसते कागद द्या, बाईला आम्ही घरी बसवतो,” असं म्हणाले. त्या तिघांत तो सदस्यही होता.

सेवा केंद्रातल्या मुलाचं मत पडलं की द्यावेत. सही ताईंची आहे, कोण का पाडेना, जबाबदार माणूस जाईल. आक्का खवळल्या. त्यांच्या मते या तिघांना ३९ मीटरशी काही देणंघेणं नाही, खुर्चीवर बाई बसली हेच त्यांना सलतं आहे.

मी दोन निकाल वाचून दाखवले, दोन्ही सर्वोच्च न्यायालयाचे आणि दोन्ही आपल्याच राज्यातल्या ग्रामपंचायतींचे. पहिला सप्टेंबर २०१८ चा, जनाबाई प्रकरणाचा. कुटुंबाने केलेल्या सरकारी जागेवरच्या अतिक्रमणात राहणारा सदस्य ‘मूळ अतिक्रमण माझं नाही’ म्हणून सुटू शकत नाही, असं तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवलं. दुसरा सप्टेंबर २०२४ चा, जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याचा. तिथल्या महिला सरपंच सरकारी जागेवर बांधलेल्या घरात सासूसोबत राहतात अशी तक्रार झाली. आपण वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, असं त्या सांगत राहिल्या. नीट शहानिशा न करता जिल्हाधिकारी, आयुक्त, सगळीकडे त्यांच्याविरुद्ध गेलं. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि स्पष्ट म्हटलं की निवडून आलेल्या प्रतिनिधीला, त्यातही ग्रामीण भागातल्या महिलेला, काढणं ही इतक्या सहज करण्याची गोष्ट नव्हे.

हे दोन्ही निकाल एकाच कलमाचे आहेत. एकात पळवाट बंद झाली, दुसऱ्यात त्याच कलमाची काठी करून बाईच्या पाठीत घालणाऱ्यांना अडवलं गेलं. आमच्या कामाला दोन्ही लागू आहेत. हिशेब मागणं वेगळं आणि काटा काढणं वेगळं. कागद तेच असले तरी ते कोणासमोर आणि कोणाच्या हातून येतात यावर सगळं अवलंबून आहे.

ठरलं ते असं: कागद कोणत्याही पॅनलला द्यायचे नाहीत. सगळेच्या सगळे १ मेच्या ग्रामसभेत वाचायचे, सदस्याचे आणि सरपंचांचेही.

१९ एप्रिल

सरपंचताईंच्या घरी आक्का आणि मी. पहिला पाऊण तास मालकच बोलले. निधी कसा आणला, आमदारांकडे किती खेटे घातले, विरोधक कसे आडवे येतात. ताई चहा ठेवून आत जायला निघाल्या तेव्हा आक्का म्हणाल्या, “भाऊ, आम्ही सरपंचांकडे आलोय. तुम्ही जरा शेताकडं जाऊन या.” ते गेले. गेले हेही काही कमी नाही.

ताई बारावी झालेल्या आहेत. वयाने माझ्याहून बऱ्याच लहान. एमबीची नक्कल त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा त्यांनी ती पहिल्यांदाच पाहिली.

“काकी, सही माझीच आहे ना यावर?”

“डोंगलची आहे. म्हणजे तुमचीच.”

“मला पासवर्डपण माहीत नाही.”

आमचं दोघींचं इथे थोडं वाजलं, ते लिहिते. आक्कांना वाटतं की ज्या बाईला कोणी काही सांगितलं नाही तिच्यावर बोट ठेवू नये. मला तसं वाटत नाही. महाराष्ट्रात पंचायतीत निम्म्या जागा महिलांना आहेत, त्या दुसऱ्या कोणाच्या खिशात राहण्यासाठी नाहीत. ताईंची दया करून त्यांना सोडणं म्हणजे त्यांचे मालक जे म्हणतात, ‘तिला काय कळतंय’, त्याला आपणही मान डोलावणं. त्यांना मान द्यायचा तर जबाबदारीसकट द्यावा लागेल. मी ताईंना तसंच सांगितलं. ग्रामसभेत गटाराचं देयक वाचलं जाईल, तुमचं नाव येईल, आणि तुम्ही काय सांगाल ते आम्ही शब्दाला शब्द प्रोसिडिंगमध्ये घ्यायला लावू.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, “पासवर्ड बदलायला कुठं जावं लागतं?”

सेवा केंद्रातल्या मुलाचा नंबर दिला.

३० एप्रिल

महिला सभा. या वेळी खरी. बचत गटांच्या सगळ्या बाया आल्या, वस्तीवरच्याही आल्या. तीन ठराव झाले: गटार ओढ्यापर्यंत पूर्ण करावं, वर्षभराच्या खर्चाचं वाचन ग्रामसभेत व्हावं, हितसंबंधांची वही ठेवावी. वस्तीवरच्या एका म्हातारीने अंगठा उठवताना विचारलं की वहीत आमच्या घरापुढचं पाणीपण लिहिणार का. तिसऱ्या ठरावात ते थेट बसत नव्हतं, पहिल्यात बसलं.

१ मे

आज ग्रामसभेला शाळेचा व्हरांडा पुरला नाही. हजेरीची वही दारात ठेवून सह्या तिथेच घेतल्या. दीडशेच्या वर झाल्या, त्यात निम्म्याहून जास्त बाया.

वाचन गुरुजींनी केलं. तारीख, काम, फर्मचं नाव, रक्कम, एवढंच, एकामागून एक, मध्ये कोणतीही टिप्पणी नाही. ही पद्धत त्यांनी राजस्थानातून घेतली. तेव्हाच्या पाली जिल्ह्यातल्या कोटकिरानात डिसेंबर १९९४ मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली, ती अशीच: हजेरीपट आणि बिलं मोठ्याने वाचायची, आणि लोकांनी सांगायचं. माहितीचा कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी आला.

पहिली पाच-सहा नावं शांततेत गेली. सातवं आलं, दलित वस्तीवरच्या हातपंपाच्या दुरुस्तीचं. मागून एकजण उठला आणि म्हणाला, “त्या पंपाला दांडाच न्हाई.” मग लोक बोलायला लागले. सगळंच खोटं निघालं असं नाही. शाळेच्या पत्र्याचं काम कागदापेक्षा जास्त झालेलं निघालं, आणि तेही गुरुजींनी तितक्याच मोठ्याने सांगितलं. त्यामुळे पुढच्या वाचनाला वजन आलं असं मला वाटतं.

गटाराचं देयक वाचल्यावर तो सदस्य उभा राहिला. हे वाचायचा अधिकार कोणी दिला, वही ठेवा असं कायद्यात कुठं लिहिलं आहे, असं विचारलं. गुरुजी म्हणाले, “वही ठेवा असं कायद्यात नाही. हिस्सा ठेवू नका असं आहे. वही आम्ही मागतोय, तुम्हाला मतं दिलेल्यांनी.” त्याने मुलगा विभक्त असल्याचं सांगितलं, ते इतिवृत्तात घेतलं. ट्रॅक्टरच्या पावत्यांबद्दल वस्तीवरच्याच एकाने विचारलं, आम्ही नाही. त्यावर तो सभेतून निघून गेला. त्याच्यामागे दोघं गेले. अविश्वासाला आमचे कागद मागायला आलेले तेच तिघं.

मग सरपंचताई अध्यक्षांच्या खुर्चीवरून उठल्या. वही आक्कांनी आणली होती, साधी, दोनशे पानी. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं आणि लिहिलेलं वाचून दाखवलं. माझ्या नावावर कोणतीही फर्म नाही. माझ्या धाकट्या दिरांना पाइपलाइन दुरुस्तीचे पैसे पंचायतीने दिलेले आहेत, ते मी इथे जाहीर करते, आणि यापुढे त्यांना काम दिलं जाणार नाही. घरपट्टी भरलेली आहे, पावती जोडली आहे. सरकारी जागेवर ताबा नाही. शेवटची ओळ आम्ही आखून दिलेल्या रकान्यांत नव्हती: “माझं डोंगल आजपर्यंत माझ्या मालकांकडं होतं. पासवर्ड मी बदललाय. गटाराच्या बिलावरची सही माझी आहे आणि एमबी न बघता गेली, त्याचं उत्तर मी देणार आहे.”

त्यांचे मालक व्हरांड्याच्या कडेला उभे होते. त्यांच्याकडे कोणी बघितलं नाही. सगळे ताईंकडेच बघत होते.

नऊपैकी पाच सदस्यांनी आजच सह्या केल्या. उपसरपंचांनी पाणीपट्टी थकल्याचं लिहिलं आणि आकडाही टाकला. लोक हसतील असं त्यांना वाटलं असावं. कोणी हसलं नाही.

१४ जून

गटविकास अधिकाऱ्यांकडे ग्रामसभेचा ठराव आणि एमबीची नक्कल दिली होती. फेरमोजणी झाली. सरपंचताई स्वतः टेपचं एक टोक धरून उभ्या होत्या. १४३ मीटर भरलं. उरलेलं काम ठेकेदाराने त्याच दरात पूर्ण करावं, नाहीतर जादा दिलेल्या रकमेची वसुली, असं पत्र निघालं आहे. पाऊस सुरू झाल्याने काम दिवाळीनंतर.

१२ जुलै

जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं की नाही, यावर आज निर्णय झाला. दोन महिने लागले, आणि ते लागायलाच हवे होते.

मुलाच्या नावावर ठेका आहे एवढ्यावर बाप अपात्र ठरत नाही. नातं म्हणजे हिस्सा नव्हे. सदस्याचा त्या कामात स्वतःचा पैसा किंवा फायदा होता, हे दाखवावं लागतं. आमच्याकडे ते ट्रॅक्टरच्या पावत्यांत आहे: वाहतुकीचा खर्च देयकात धरलेला, वाहन त्याच्या नावावर, आणि ठराव त्यानेच मांडलेला. हे पुरेसं आहे की नाही, ते सुनावणीत ठरेल.

अर्जाचा मसुदा मी केला. त्यात ‘लुटलं’, ‘खाल्लं’ असा एकही शब्द नाही. तारखा, पानं, क्रमांक. त्याचं स्वतःचं म्हणणंही आम्हीच जोडलं आहे. अर्जदार म्हणून वस्तीवरचे तीन मतदार आहेत. आम्ही चौघं साक्षीला. त्या तिघांनी स्वतःहून नाव दिलं; सही करण्याआधी त्यांना सगळा अर्ज वाचून दाखवला आणि त्यात काय धोका आहे तेही सांगितलं.

अविश्वासाची नोटीस काही आली नाही. उरलेल्या सहाजणांतलं कोणी त्या तिघांबरोबर गेलं नाही, असं ऐकलं. खरं असेल तर तीन चतुर्थांशाचा हिशेब बसतच नाही.

१५ ऑगस्ट

ग्रामसभा, गणपूर्ती झाली. सहावी सही आली. उपसरपंचांनी थकीत पाणीपट्टी भरून पावती वहीला लावली. खर्चाचं वाचन या वेळी गुरुजींनी केलं नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी स्वतः केलं, कोणी न सांगता. मला हे वहीपेक्षाही मोठं वाटतं.

सभेनंतर शेजारच्या गावातल्या दोघी आक्कांकडे आल्या. त्यांच्याकडेही महिला सरपंच आहेत. वहीच्या रकान्यांची नक्कल मागितली. आक्कांनी दिली आणि बजावलं, “आधी महिला सभा भरवा. वही मग.”

२८ सप्टेंबर

सुनावणीची नोटीस अर्जदारांना आणि सदस्याला मिळाली. त्या दिवशी रात्री वस्तीवरच्या अर्जदारांपैकी एकाला ‘उसाच्या तोडीला तुला कोण बोलावतंय बघू’ असं सांगितलं गेलं. पोटावर येणारी ही धमकी आमच्यापैकी कोणाला कोणी दिली नव्हती. ती गरिबालाच दिली जाते. सरपंचताई दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी जाऊन बसून आल्या, सगळ्या वस्तीला दिसेल अशा. गुरुजींनी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. त्या माणसाने नाव मागे घेतलेलं नाही.

९ नोव्हेंबर

गटाराचं उरलेलं काम परवा सुरू झालं. वस्तीवरच्या बायांनी आळीपाळीने तिथे बसायचं ठरवलं आहे. सिमेंटची पोती मोजून वहीत लिहितात. लिहायला येणाऱ्या दोन मुली आहेत.

वहीत आता सात सदस्यांच्या सह्या आहेत. सातवा त्या सभेतून उठून गेलेल्यांपैकीच एक. त्याने घरी बोलावून सही केली आणि सभेत का नाही ते सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

सुनावणीत सदस्याच्या वकिलांनी मुदत मागितली, पुढची तारीख डिसेंबरात आहे. ट्रॅक्टरच्या नोंदणीचा उतारा आणि वाहतुकीच्या पावत्यांच्या मूळ प्रती त्या दिवशी हजर कराव्या लागतील. मूळ प्रती पंचायतीच्या दप्तरात आहेत. त्या काढून ठेवण्याचं पत्र सरपंचताईंनी कार्यालयाला दिलं आहे, पोच माझ्या फाइलला.

याशिवाय या महिन्यात: शाळेच्या स्वच्छतागृहाचं अंदाजपत्रक काम सुरू व्हायच्या आधी मागायचं, फर्मचा जीएसटी क्रमांक ठरावाच्या वेळीच बघायचा, आणि हातपंपाचा दांडा.